रस्त्यावरील अपघात : उपाय आणि त्यांची पारख

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, ज्येष्ठांचा सत्कार झाला, शिक्षणनिधीचा हिशेब वाचला गेला. अशा मंगल प्रसंगी अपघातांसारखा विषय मी का निवडावा, असे चिटणीसांनी मला आधीच विचारले होते. उत्तरादाखल मी त्यांच्यापुढे आपल्या स्मरणिकेचे जुने अंक ठेवले. प्रत्येक अंकाच्या शेवटी श्रद्धांजलीचे पान असते. माझ्या लहानपणी त्या पानावर पागोट्यातले आजोबा आणि नऊवारीतल्या आजीबाई दिसत. नातवंडे-पतवंडे पाहून, सर्वांचा निरोप घेऊन गेलेली ती माणसे. अलीकडे त्याच पानावर विशीतले आणि तिशीतले चेहरे येऊ लागले आहेत, आणि त्यांच्या छायाचित्रांखाली दोनच शब्द असतात : 'अपघाती निधन'. कोठे, कसा, कोणत्या वेळी, आणि काय केले असते तर हा जीव वाचला असता, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहीत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचे छायाचित्र त्या पानावर आले, तेव्हा मजकूर मीच लिहून दिला होता; आणि मीही तेच दोन शब्द लिहिले. त्या दोन शब्दांत जे लिहावयाचे राहिले, ते आज आपणांपुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

आपला जिल्हा आणि रस्ता यांचे नाते जुने आहे. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली ती नगर आणि पुणे यांच्या दरम्यान, हे आपण अभिमानाने सांगतो. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असा हा जिल्हा. 2024 पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले, तरी फलाटावरचा प्रवासी अजून 'नगर'च म्हणतो. पुणे, मनमाड, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि कल्याण या सर्व दिशांचे रस्ते नगर शहरात एकत्र येतात. संगमनेरावरून नाशिक-पुणे महामार्ग जातो आणि कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग. त्यांत शिर्डी आणि शनिशिंगणापूर येथील यात्रेकरूंची अखंड वर्दळ, आणि हंगामात साखर कारखान्यांकडे निघालेली उसाची वाहने. एकाच डांबरी पट्ट्यावर कंटेनर, आरामगाडी, दुचाकी, बैलगाडी आणि पायी दिंडी असे सर्वजण चालतात. डिसेंबर 2023 मध्ये शिर्डीहून आळंदीला निघालेल्या दिंडीत संगमनेर तालुक्यात एक कंटेनर शिरला आणि चार वारकरी प्राणांस मुकले. त्यांचा अपराध काय, तर ते रस्त्याने चालत होते.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 15,224 आपल्या महाराष्ट्रातील, म्हणजे रोज सरासरी चाळिसांहून अधिक. देशातील मृतांपैकी सुमारे 44 टक्के दुचाकीवरील होते. शिरस्त्राण, म्हणजे आपले हेल्मेट, न घातलेल्या मृतांची संख्या 50,029 होती. एखाद्या साथीने एवढी माणसे नेली असती, तर घरोघर धावाधाव झाली असती. अपघाताच्या बाबतीत आपण 'वेळ आली होती' असे म्हणतो आणि तेराव्यानंतर कामाला लागतो.

दैवाला दोष देणे ही पहिली चूक होय. दुसरी चूक अधिक सुशिक्षित आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. सर्व दोष वाहन चालविणाऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे, ही ती चूक. माझ्या भाच्याचेच उदाहरण घ्या. पौषातली रात्र होती. उसाने भरलेली दोन ट्रॉल्यांची गाडी चाक बिघडल्यामुळे रस्त्यातच उभी होती. तिच्या मागे दिवा नव्हता, रेडियमची पट्टी नव्हती. चार दगड मात्र लावलेले होते. रस्त्याची साइडपट्टी खचलेली होती, म्हणून गाडी बाजूला घेता आली नव्हती. मुलगा वेगात होता, हे मी नाकारीत नाही. त्याचे हेल्मेट घरी खुंटीला होते. तो पडल्यावर माणसे जमली, परंतु पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने त्याला कोणी उचलले नाही. कागदावर मात्र एकच कारण उमटले : 'भरधाव वेगाने व हयगयीने वाहन चालविल्यामुळे'. वेग, अंधार, रस्ता, डोके, जमाव आणि उशीर अशी सहा कारणे तेथे हजर होती. त्यांतले एक वजा झाले असते, तरी कदाचित माझी बहीण आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसली असती.

अमेरिकेतील विल्यम हॅडन या वैद्यकाने या प्रकारची मांडणी गेल्या शतकातच केली. अपघाताच्या आधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर असे तीन काळ, आणि प्रत्येक काळात माणूस, वाहन आणि परिसर असे तीन घटक त्याने मांडले. ती कोष्टके भरली, की एका कारणाऐवजी अनेक दारे दिसू लागतात आणि कोणते दार सहज बंद करता येईल हे ठरविता येते. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये स्वीकारलेल्या धोरणाचे मर्मही हेच आहे. माणूस चुकणारच, परंतु त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, अशी रस्त्याची आणि वाहनाची रचना असावी, असे ते धोरण सांगते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. उपाय पुष्कळ सुचविले जातात. सप्ताह साजरे होतात, फलक लागतात, गतिरोधक उठतात. परंतु कोणत्या उपायाने किती जीव वाचले, हे विचारणारा विरळा. आपल्या नगरातच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथे गाडी चाचणीपथावर धावडवून पारखली जाते. ती पारखलेली गाडी ज्या रस्त्यावर येते, त्या रस्त्यावरच्या उपायांना मात्र आपण कोणतीही कसोटी लावीत नाही.

ही कसोटी कशी लावावी, हे शिकण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जे केले, ते आपणांस ठाऊक आहे. झाडे लावली, बांध घातले, हे तर झालेच. परंतु त्या गावाचे खरे शहाणपण त्याच्या पाण्याच्या ताळेबंदात आहे. पाऊस किती पडला आणि विहिरींची पातळी कोठे आहे हे मोजावयाचे, आणि मगच कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभेत ठरवावयाचे. एखाद्या साली विहीर तुडुंब भरली, तर ती बंधाऱ्यामुळे भरली की पाऊसच जास्त झाला म्हणून भरली, हा प्रश्न ते गाव विचारू शकते. कारण त्याच्याजवळ दोहोंची नोंद असते. अपघातांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न आपण विचारीत नाही.

एखाद्या फाट्यावर एका वर्षात पाच माणसे गेली, की हाकाटी होते. तेथे फलक लागतो. पुढल्या वर्षी दोघे जातात, आणि फलकाचा उपयोग झाला असे आपण म्हणतो. परंतु अतिवाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा काहीसे बरे असतेच, जसे अतिवृष्टीनंतरचे वर्ष बहुधा बेताच्या पावसाचे असते. म्हणूनच सरकारी व्याख्येत महामार्गावरील धोक्याचे ठिकाण ठरविताना एक वर्ष न पाहता तीन वर्षे पाहतात : सुमारे 500 मीटर लांबीच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. उपायानंतरही तीन वर्षे मोजावे, आणि ज्या फाट्यावर काहीच केले नाही अशा दुसऱ्या फाट्याशी तुलना करावी, तेव्हाच निकाल द्यावा. 2020 मध्ये देशातील अपघाती मृत्यू घटले, ते टाळेबंदीमुळे. त्या वर्षाच्या प्रारंभी कोणी मंत्रघोष केला असता, तर त्यालाही यशाचे श्रेय मिळाले असते !

या कसोटीला काही प्रचलित उपाय लावून पाहू.

सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे उपदेश. व्याख्याने, प्रभातफेऱ्या, शाळांतील वक्तृत्वस्पर्धा हे सर्व यात आले, आणि माझे हे भाषणही त्यातच मोडते. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने शाळांमधून दिल्या जाणाऱ्या वाहनचालन-शिक्षणाचा अभ्यास तपासला. त्याने अपघात घटतात असा पुरावा तिला सापडला नाही. उलट मुलांना परवाना लवकर मिळतो आणि ती लवकर रस्त्यावर येतात, असे दिसले. पादचाऱ्यांना दिलेल्या शिक्षणाने ज्ञान वाढते, परंतु दुखापती कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. उपदेश व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही. नुसता उपदेश पुरत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हेल्मेटची गोष्ट निराळी. त्याच संस्थेच्या पाहणीनुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. एवढ्या स्वस्त वस्तूची एवढी किंमत दुसऱ्या कोणत्याही उपायाला नाही. कायदा पुढे आणि मागे बसणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येकाला ती बंधनकारक करतो. परंतु येथे मला आपल्या संस्थेचीच एक कथा सांगितली पाहिजे. गतवर्षी आपण याच व्यासपीठावरून हेल्मेटांचे वाटप केले, छायाचित्रे निघाली, स्मरणिकेत अहवाल छापला. तीन महिन्यांनी एका लग्नाच्या दिवशी मी मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहून पाहिले. बहुतेक हेल्मेटे गाडीच्या आरशाला किंवा कोपराला लटकत होती, आणि मागे बसलेल्या एकाही भगिनीच्या डोक्यावर मला हेल्मेट दिसले नाही. अहवालात आपण वाटलेल्या हेल्मेटांची संख्या लिहिली. घातलेल्या हेल्मेटांची लिहिली नाही. बी किती पेरले हे सांगून पीक किती आले हे न सांगणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय म्हणू ?

वेगाविषयी बोलताना साधे गणित पुरे आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. ताशी 100 ने जवळजवळ 28 मीटर. पुढे उभी असलेली ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच हे अंतर संपते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या परिसरात मृत्यू वा गंभीर दुखापतीचे अपघात 11 ते 44 टक्क्यांनी कमी झाल्याचे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. दंड कडक असण्यापेक्षा तो निश्चित असणे महत्त्वाचे. वर्षातून एकदा भरावा लागणारा मोठा दंड लोक विसरतात. रोज टिपला जाणारा वेग विसरत नाहीत.

'रस्ते चांगले करा, म्हणजे अपघात थांबतील', असेही आपण ऐकतो. खड्डे बुजले पाहिजेत, साइडपट्ट्या भरल्या पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु गुळगुळीत रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा भाग 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. तेथे फाटे नाहीत, समोरून येणारे वाहन नाही, गुरे नाहीत. तरीही 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी दगावले. जुने धोके काढले, तेव्हा वेग, झापड आणि तापलेले टायर हे नवे धोके पुढे आले. याउलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पाहा. तेथे 2016 मध्ये 151 मृत्यू झाले होते. त्यानंतर धोक्याची ठिकाणे एकेक करून दुरुस्त करणे, वेगावर देखरेख ठेवणे, थांबलेली वाहने हटविणे आणि जखमींना त्वरित मदत पोचविणे, ही कामे शासकीय यंत्रणा व स्वयंसेवी संस्था यांनी मिळून वर्षानुवर्षे चालविली, आणि 2023 पर्यंत मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे नमूद झाले. त्यातले कोणते श्रेय कोणत्या उपायाचे, हे सांगणे अवघड आहे. परंतु अनेक दारे एकाच वेळी बंद केली आणि प्रत्येक मृत्यूची चिकित्सा केली, तर आकडा हलतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

राहिला अपघातानंतरचा काळ. माझ्या भाच्याला कोणी उचलले नाही, याचे कारण निर्दयपणा नव्हे, भीती होती. ती भीती आता निराधार आहे, हे कृपा करून घरोघर सांगा. सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आले. जखमीस रुग्णालयात नेणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि त्याला अडकवून ठेवता येत नाही. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे. 2025 मध्ये केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख न भरता उपचारांची योजना लागू केली. पैसे कोठून आणावयाचे या विवंचनेत पहिला तास घालवू नये, यासाठी ती माहिती प्रत्येक कुटुंबात असली पाहिजे.

हे काम सरकारचे आहे, ज्ञातिसंस्थेने त्यात का पडावे, असा आक्षेप येईल. रस्ता बांधणे आणि कॅमेरा बसविणे आपले काम नव्हे, हे मला मान्य आहे. ते सरकारकडून करवून घेतले पाहिजे. परंतु लग्नाची वेळ, वऱ्हाडाची गाडी, मुलाच्या हाती दिलेली किल्ली आणि उसाची ट्रॉली या आपल्या घरातल्या गोष्टी आहेत. म्हणून मी चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली अशी की संस्थेने एक अपघात-नोंदवही ठेवावी. ज्ञातीतील प्रत्येक अपघाताची वेळ, ठिकाण, प्रकाश, वाहन, हेल्मेट अथवा पट्टा, मदत मिळेपर्यंत गेलेला वेळ, एवढ्याच गोष्टी तीत असाव्यात. दोष कोणाचा, हा रकानाच नसावा. वर्षाखेरीस तिचा गोषवारा नावे वगळून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा. आपली संख्या लहान आहे, तिच्यावरून कोणता उपाय यशस्वी झाला हे सिद्ध होणार नाही, हे मी जाणतो. परंतु एकच फाटा तिच्यात दोनदा आला, तर अर्ज कोठे करावयाचा हे तरी कळेल.

दुसरी : मृत्यू थोडे आणि अनियमित असतात, म्हणून त्यांऐवजी वागणूक मोजावी. वर्षातून तीन ठरावीक लग्नांच्या दिवशी कार्यालयाच्या दारात उभे राहून किती जणांनी, आणि मागे बसलेल्या किती जणींनी, हेल्मेट घातले होते याची तरुणांनी मोजणी करावी. तो आकडा वाढला, तर वाटप सुरू ठेवावे. न वाढला, तर वाटप बंद करून दुसरा मार्ग शोधावा.

तिसरी सूचना वऱ्हाडाविषयी आहे. मालवाहू टेंपोत माणसे भरून नेण्याची आणि मध्यरात्री पाठवणी करून त्याच चालकाला परत हाकण्याची चाल आपण सोडावी. लग्नपत्रिकेवर संस्थेचे नाव हवे असेल, तर ही अट पाळावी, असा ठराव करण्यास मी सुचवितो.

चौथी : आपल्यांपैकी पुष्कळ कुटुंबे ऊस पिकवितात किंवा वाहतात. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू करणारा हा जिल्हा एकत्र येऊन काम करणे जाणतो. गाळप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे रेडियमची पट्टी आणि बिघाडाच्या वेळी मागे ठेवावयाची चकाकणारी त्रिकोणी खूण, एवढे आपल्यापुरते आपण करू शकतो. आणि पट्ट्या किती वाटल्या हे न मोजता, माघात रस्त्यावर उभे राहून किती ट्रॉल्यांना त्या आहेत, हे मोजावे.

बंधुभगिनींनो, पुढील संमेलनात मला पुन्हा बोलावले नाही तरी चालेल. त्या दिवशी चिटणीसांनी शिक्षणनिधीच्या हिशेबानंतर या मोजणीचा हिशेब वाचावा. तो निराशाजनक असला, तरी वाचावा. आणि या वर्षीच्या श्रद्धांजलीच्या पानासाठी मजकूर लिहिण्याचा दुर्धर प्रसंग ज्यांच्यावर येईल, त्यांनी त्या दोन शब्दांवर थांबू नये. काय घडले ते लिहावे. माझ्या भाच्याविषयी जे तेव्हा लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही, ते बहिणीची परवानगी घेऊन आज मी येथे सांगितले आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर तेच उतरवून घ्यावे, अशी तिची इच्छा आहे.